सबिता परत जाणार नव्हती

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा सबितानं माझ्या पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. बोलायचं त्राण नव्हतं, तरी बाई गप्प बसेना. "वैनी, मला परत पाठवू नका," म्हणाली. मला वाटलं, घरी सोडतील म्हणून घाबरलीय. म्हटलं, "अगं, बरी झालीस की घरीच न्यायचंय, दवाखान्यात काय बिऱ्हाड थाटणार हाईस?" तशी चिडली. त्या अवस्थेतसुद्धा चिडली! "घरी न्हवं वो. तिकडं... ओडिशाला. माझा दीर येणार बघा राख न्यायला. त्येला देऊ नका. मी हितलीच हाय." मी "व्हय" म्हटलं, पदर सोडवून घेतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू करत होते तेवढ्यात तिच्या मुलीचा, लिपीचा फोन आला. "काकी..." एवढंच म्हणाली, पुढं तिला बोलवेना. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अजून येणारा-जाणारा मला विचारतो, "तुमची कोण लागत होती हो ती?" विचारणाऱ्याच्या आवाजात जे असतं ना, त्याचा मला भयंकर राग येतो. म्हणून हे लिहायला बसले आहे.

शाहूपुरीत आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीवर बसलं की गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी पाहुणे आहेत, सगळं दळणावरनं कळतं. सबिता पहिल्यांदा आली ती तांदळाचा डबा घेऊन. हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, कडेवर लिपी. मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिचा नवरा प्रफुल्ल उद्यमनगरात एका फाउंड्रीत साचे करायच्या कामाला लागला होता, आणि आमच्या मागच्या खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड केलं होतं. सणाचा काही गोड पदार्थ करायचा होता, त्याला पीठ कसं हवं ते ती मला दोन बोटं एकमेकांवर चोळून सांगत होती. मी दळून दिलं, तिनं चिमटीत घेऊन बघितलं आणि डबा परत माझ्यापुढं ठेवला. पुन्हा दळ! नवी आलेली, भाषा येत नाही, गिरणीवर सगळ्या बायका टकामका बघतायत, आणि ही खुशाल मला पुन्हा दळायला लावते. मला तर ती तिथंच आवडली.

मग आषाढ आला. आमच्याकडं आषाढात गल्लीगल्लीतून टेंबलाईची यात्रा निघते. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरायचं, बायका-पोरींनी ते डोक्यावर घेऊन वाजतगाजत टेकडीवर जायचं, देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं. मग गल्लीत मटणाचे वाटे पडतात आणि प्रत्येक घरात एकेक वाटा जातो. त्यासाठी घरटी वर्गणी असते. त्या वर्षी मंडळाची माणसं दारोदार फिरली आणि सबिताचं दार तेवढं सोडून पुढं गेली. वाईट हेतूनं नव्हे. भाडोत्री आहेत, परमुलखातले आहेत, आज आहेत उद्या नाहीत, असा त्यांचा हिशोब. सबिता दारात उभी राहून बघत होती. एखादी म्हणाली असती, बरं झालं, पैसे वाचले. ही चपला घालून थेट मंडळाच्या आप्पांच्या घरी. आप्पा म्हणजे गल्लीतलं वजनदार माणूस, त्यांच्यापुढं मोठमोठे दबकतात. जाताना दुभाषी म्हणून मला गिरणीवरनं ओढून नेलं. "इनको पूछो, हमारा घर क्या गल्ली में नहीं है?" आप्पा म्हणाले, "तसं न्हाई वो ताई, तुमच्यावर कशाला भार?" मी तिला हिंदीत सांगेपर्यंत तिनं पदराची गाठ सोडून पैसे आप्पांच्या पुढ्यात ठेवले होते. वर सांगितलं, पाणी मीही नेणार. आणि नेलं! पिपाणी-ढोलाच्या ठेक्यावर, ऊन-पावसात, अनवाणी. आमच्या कितीतरी बाया वाटेत रिक्षा बघायला लागल्या होत्या, तेव्हा ही पुढं.

पण खरी गंमत संध्याकाळी झाली. तिच्या घरी वाटा गेला. आपला वाटा आपण शिजवायचा, आपण खायचा, एवढं साधं आहे ते. सबिताची समजूत अशी, की देवीचं म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद एकट्यानं कसा खायचा? तिनं त्या मूठभर मटणात मोठाले बटाटे घातले, मोहरीच्या तेलात, हळद-आल्याचा पातळ रस्सा केला आणि वाटी-वाटी करत गल्लीतल्या सगळ्या घरांत वाटून आली. सगळ्या घरांत! ज्यांनी नुकतेच स्वतःचे वाटे शिजवून ठेवलेत त्यांच्या घरांत! बायका पोट धरून हसल्या. "अगं येडे, वाटा परत वाटत न्हाईत," मी सांगायला गेले तर ती तिच्या दारात पातेलं पुसत बसलेली. स्वतःला आणि नवऱ्याला नुसता बटाटा उरला होता. मी सांगितलेलं तिला समजलं, पण पटलं नाही ते नाहीच. पुढच्या आषाढातही तिनं तेच केलं, त्याच्या पुढच्याही. मोहरीच्या तेलाच्या वासाला नाकं मुरडणारी घरं नंतर वाट्या धुऊन वाट बघायला लागली. आप्पा तर जेवणच थांबवायचे. "ओडिशाचा रस्सा आला का बघ रे."

लिपी शाळेत होती तेव्हा प्रफुल्ल गेला. छातीत कळ आली आणि कामावरच कोसळला. तेव्हा हाच दीर पहिल्यांदा आला. माणूस वाईट नाही, रडत होता बिचारा, पण ठरवूनच आला होता की वहिनीला आणि पुतणीला घेऊन जायचं. गल्लीतल्या निम्म्या बायांनाही तेच बरोबर वाटलं. एकटी बाई, परका मुलूख, आपल्या माणसांत गेलेलं बरं... मलासुद्धा कोणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते कोण जाणे. सबितानं कोणालाच विचारलं नाही. दिराला जेवायला वाढलं, डबा भरून दिला आणि परतीच्या गाडीत बसवून आली. मला नंतर म्हणाली, "तिकडं गेले तर कोपऱ्यात बसायचं वैनी. दिराच्या हातानं खायचं, जावेच्या तोंडाकडं बघायचं. हितं माझी शेगडी हाय. पोरीची शाळा हाय. मी कशाला जाऊ?"

त्या शेगडीवर तिनं डबे सुरू केले. फाउंड्रीतल्या पोरांना त्यांच्याकडचं डाळ-भात-मासे, आणि शेजारच्या दुकानातल्या पोरांना आपलं भाकरी-पिठलं. तिखट आमच्यापेक्षा जहाल करायला लागली. आणि जीभही तशीच! भाजीवाल्याशी भांडताना ऐकायला हवं होतं. एकदा मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थानं तिच्या दारात उभं राहून सुनावलं, बाहेरनं येऊन ह्यांनी धंदे बळकावले. सबिता पीठ मळता मळता म्हणाली, "व्हय पावणं, भाकऱ्या थापायला कोण आलंच न्हाई तुमच्याकडनं. या की आत, परात मोकळीच हाय!" अख्खी गल्ली हसली. मला मात्र हसू आलं नाही. अहो, शाहूपुरीत कोण आभाळातनं पडलंय? माझे सासरे गाव सोडून इथं आले, गिरणी टाकली, त्यांना कोणी बाहेरचं म्हटलं नाही. तीही तशीच पोटासाठी आली. अंतर जास्त होतं एवढंच. अंतरावरनं माणूस कमी-जास्त होत असेल तर मला नाही ते मान्य.

ती गेली तेव्हा गल्लीनं सगळं केलं. आप्पा काठी टेकत तिरडीबरोबर आले. अग्नी लिपीनं दिला. रक्षाविसर्जनाला मात्र दीर हजर झाला, रेल्वेनं, मग बसनं, झोप न झालेल्या डोळ्यांनी. हातात नवं मडकं. पुरीला समुद्रावर न्यायची, आमच्या घराण्याचं तसंच असतं, म्हणाला. मी सांगितलं, तिनं नको म्हटलंय. त्याचा विश्वास बसेना. आजारी माणूस काहीही बोलतं, म्हणाला. आम्ही नैवेद्य ठेवला होता, भात, भाजी, तिला आवडायचा तो मासाही. कावळे झाडावर गप्प बसलेले, एकही खाली उतरेना. माणसं ताटकळली. कोणीतरी कुजबुजलं, गावची ओढ राहिली असंल तिची. दिराला तेवढंच हवं होतं. तो हात जोडून म्हणाला, "देखिए, भाभी का मन वहीं है..." आणि माझं डोकं फिरलं. मी स्मशानात ओरडले. "कावळ्याला काय इचारताय? बाई जितीजागती असताना तोंडानं सांगून गेलीया! तिचं ऐकायचं का पाखराचं?" लिपी पुढं आली. काकाच्या पाया पडली, त्याच्या हातातलं मडकं हळूच घेतलं आणि हिंदीत म्हणाली, "काका, आई इथंच राहणार. तुम्ही तिला भेटायला या." कावळा शेवटपर्यंत शिवला नाही. आम्ही नैवेद्य गाईला घातला आणि निघालो.

निघालो खरं, पण राख न्यायची कुठं? नदीत नको, हे लिपीचं पक्कं होतं. आमच्याकडं हल्ली बरेच जण आपल्या रानात खड्डा काढतात, रक्षा घालतात, वर झाड लावतात. पण ज्याला रानच नाही त्यानं काय करायचं? भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला वीतभर माती कुठली? बिद्रीच्या अलीकडं आमचं रान आहे. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. हा माणूस दिवसाकाठी चार वाक्यं बोलतो. त्यांनी गाडीची किल्ली काढली. दीरही आला बरोबर, लिपीनं राख भरून दिलेलं मडकं मांडीवर घेऊन. रानात पोचल्यावर लिपी बांधापाशी थांबली. तिथं लावू म्हणाली, उसाला अडचण नको. कोणाला अडचण वाटेल अशी जागा तिनं मागितलीच नाही, आईसारखी नाहीच ती त्या बाबतीत. ह्यांनी कुदळ खांद्यावरनं उतरवलीसुद्धा नाही. "बांधावर नको. बांधाचं झाड उद्या भाऊबंद उपटतील. आत घाल." आणि उसाच्या दोन सऱ्या मोडून, विहिरीच्या अंगाला, स्वतः खड्डा काढला. राख घालून वर आंब्याचं रोप लावलं. दिरानं ओंजळीनं माती लोटली आणि मग तो लहान पोरासारखा रडला.

रोपाला आता तांबूस पालवी आलीय. मी गेले की त्याच्याशी बोलते, ज्याला हसायचं त्यानं हसावं.

लिपी शाहूपुरीतच एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. परवा मी साखर तपासायला तिथं बसले होते. पुढं फेटा बांधलेले एक म्हातारे होते. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव त्यांनी नातवाकडनं वाचून घेतलं, ते काही त्यांना झेपलं नाही. "पोरी, गाव कंचं गं तुझं?" मी उगाचच खुर्चीतनं अर्धी उठले. लिपीनं मान वर केली नाही, सुईचं पाकीट फोडत राहिली.

"बिद्रीच्या अलीकडं. आई तिथंच असती माझी, रानात."

"मग आमच्याकडचीच की गं तू!" म्हातारे म्हणाले, आणि त्यांनी बाही वर सारली.