आबांचा वांग्यांचा पट्टा

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी उत्सवाच्या दिवसांत पोरं रस्त्यावर दोरी आडवी धरतात. रिक्षा थांबवायची, खिडकीत डोकं घालायचं आणि "वर्गणी, मॅडम!" असा गजर करायचा. मी एक रुपयाही देत नाही. "हातपाय धड आहेत ना? मग कमवा आणि देवाला नाचवा," असं मी तोंडावर सुनावते. मागे काय बोलत असतील ते बोलोत. माझी जीभ तिखट आहे, आणि ती मला वडिलांकडून मिळाली आहे.

वडील, म्हणजे आबा, चोपड्याकडच्या आमच्या गावी एकटेच राहतात. आई गेल्यापासून मी दर शनिवारी एसटीने जाते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी शेत बटाईने, निम्म्या वाट्यावर दिलं, पण विहिरीजवळचा एक अरुंद पट्टा मात्र सोडला नाही. तिथे ते वांगी लावत. वाकता येत नसे, म्हणून पोतं अंथरून, बसल्या बसल्या पुढे सरकत निंदणी करत. त्या वांग्यांना हात लावायची मला बंदी होती. घरच्या भाजीला मी बाजारातून वांगी आणायची आणि समोर पट्टा लगडलेला असायचा! का, तर ती भंडाऱ्याची होती.

चंपाषष्ठीला खंडेरावाच्या देवळापुढे गावजेवण असतं, तोच हा भंडारा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची, आणि सगळ्या गावाने भाकरीबरोबर ते भरीत खायचं. ही सगळी व्यवस्था गावचं तरुण मंडळ बघतं. आधीच्या आठवड्यात पोरं दारोदार फिरत. कुणी ज्वारी देई, कुणी तेल, कुणी नुसत्या काड्यांचा भारा. आमच्या दारात ट्रॅक्टर थांबला की आबा आधी पोरांना फैलावर घेत. "गेल्या साली भरीत जाळेल व्हतं तुम्हीन! काय तोंड लिसन उनात?" पोरं खाली मान घालून हसत. दोन टोपल्या मागितल्या की आबा एकच देईन म्हणत, वाद घालत आणि शेवटी अख्खा पट्टा रिकामा करून देत. मग भंडाऱ्याच्या दिवशी सकाळपासून चुलाणाशी उभे. पहिला घास त्यांचा. मीठ कमी असलं की देवळाच्या पायरीवरून अशी हाक मारत, की पार वेशीपर्यंत ऐकू जावी. तेवढा एक दिवस त्यांचे गुडघे दुखत नसत.

यंदा पोरांनी ठरवलं की कुणापुढे हात पसरायचा नाही. सुट्टीच्या दिवशी व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये केळीचे घड भरायचे आणि त्या मजुरीतून भंडारा करायचा. मला ऐकून अभिमानच वाटला. एका शनिवारी एसटीतून उतरले तर पोरं खांद्यावर घड घेऊन बांधावरून येत होती. केळीच्या चिकाने सगळ्यांचे शर्ट काळे झाले होते. ते डाग कधी निघत नाहीत. मी घरी येऊन कौतुकाने सांगितलं. आबा "हं" म्हणाले, बस.

चंपाषष्ठी जवळ आली तशी मी रजा काढून गावी आले. आबा ओट्यावर बसून राहू लागले. ट्रॅक्टरचा आवाज आला की मान वळायची. टोपल्या धुऊन भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. शेवटी पोरांची वाट पाहून मला म्हणाले, "पोरे अजून उनात नही का व?"

मला राहवलं नाही. देवळापाशी मंडळाचा अध्यक्ष भेटला. आमच्याच गल्लीतला, लहानपणी आबांच्या पाठीवर बसून फिरलेला. मी म्हटलं, "अरे, आबांची वांगी घेऊन जा ना."

"अक्का, यंदा मांगानं नही असं ठरेल शे," तो अदबीने म्हणाला. "एकनं लिधं का बठ्ठास्नं लेनं पडी. आनि या वयमा आबाले कसाले तरास? वांगा आम्ही जळगावथीन आनात. आबासाठी खुर्ची ठेवतस ना!"

एकाचं घेतलं की सगळ्यांचं घ्यावं लागणार, हे खरंच होतं. धुळ्याच्या पोरांना मी जे ऐकवत आले, तेच तर हा करत होता. त्याच्या बोलण्यात एक शब्द वावगा नव्हता.

भंडाऱ्याला आबा जायला तयार नव्हते. मी हट्टाने नेलं. सगळा गाव पंगतीला खाली बसला होता आणि आबांसाठी खरंच खुर्ची होती, निळी, प्लास्टिकची. अध्यक्षाने स्वतः पत्रावळ आणून स्टुलावर ठेवली. चुलाणाकडे आबांनी एकदा पाहिलं. तिथे भाड्याने आणलेला आचारी होता.

मी घास घेतला. भरितात मीठ नव्हतंच म्हणा ना. मला कळलं, म्हणजे आबांना कळलंच. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आता हाक येईल. ओरडा हो आबा, एकदा ओरडा, असं मी मनात घोकत होते.

अध्यक्ष हात जोडून समोर आला. "कसं झायं, आबा?"

आबांनीही हात जोडले. "चांगलं झायं, भाऊ. लई चांगलं झायं."

ज्या माणसाने आईच्या स्वयंपाकालाही उभ्या जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही, तो हे बोलला. घरी येताना त्यांनी माझा खांदा धरला होता. वाटेत एवढंच म्हणाले, "पोरे चांगला शेतस. पन माले पाव्हना करी टाका त्यास्नी."

पोरं चुकली असं मला आजही म्हणवत नाही. पण धुळ्यातली ती दोरी दिसली की आता माझं तोंड उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी बटाईवाल्याला बोलावलं आणि विहिरीजवळचा पट्टाही त्याला देऊन टाकला. वांगी झाडावरच निबर होऊन पिवळी पडली होती. त्याने विचारलं, "आबा, झाडं राहू देऊ का?"

आबा ओट्यावरून टोपल्या उचलून आत नेत होते. मागे न वळताच म्हणाले, "उपाडी टाक. आते कोनले देनं शे?"