रुळांवरचा गणपती

बेंगळुरूच्या येलहंकाहून फुटणारा रेल्वेचा एक फाटा आमच्या गल्लीच्या मागून जातो. म्हणजे जायचा. गाड्या बंद होऊन इतकी वर्षं झाली की नव्या बिऱ्हाडांना तो मोठं गटारच वाटतो, आणि माणसं वागतातही तशीच. इस्त्रीचे कपडे घालून, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून निघालेला माणूस जाता जाता पिशवी रुळांवर भिरकावतो आणि त्याच हाताने मोबाइल कानाला लावतो. पोरांचे डायपर, कोंबडीची पिसं, आंबलेला भात. मी मागची खिडकी उघडणंच सोडून दिलं होतं. मला या सगळ्याची किळस येते आणि ती मी लपवत नाही.

फाट्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावात माझी थोरली बहीण राहते. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखातलं, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, त्यामुळे आम्ही तिला ताई न म्हणता अक्का म्हणतो. अक्काला मूत्रपिंडाचं दुखणं आहे. तपासणीसाठी तिला बेंगळुरूला यावं लागतं आणि डॉक्टर दर वेळी तिला एकाच गोष्टीवरून रागावतात, पाणी प्या, भरपूर पाणी प्या. पण यायचं म्हटलं की अक्का आदल्या संध्याकाळपासून पाण्याला शिवत नाही. कारण बस. दोन-अडीच तास धक्के खायचे, मध्ये रस्त्याची खोदाखोद, आणि बाईमाणसाला उतरता येईल अशी एक जागा नाही. वाटेत एक बसस्टँड लागतो, पण तिथल्या बाथरूमबद्दल लिहिलं तर तुम्हाला आजचं जेवण जाणार नाही.

रेल्वेच्या डब्यात संडास असतो. तोही काही सुगंधी नसतो, पण असतो, आणि त्याच्या दाराला आतून कडी असते. हा फाटा पुन्हा सुरू करा म्हणून मी भांडते ते एवढ्यासाठी. बाकीची कारणंही खरीच आहेत. फुलांच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका आहेत, बसच्या दाराला लोंबकळणारी कॉलेजची मुलं आहेत. रूळ जागेवर आहेत, जमीन आहे, स्टेशनची इमारतसुद्धा उभी आहे. पण माझ्यापुरतं विचाराल तर मला माझी बहीण तांब्याभर पाणी पिऊन घरातून निघालेली बघायची आहे.

म्हणून फाटा सुरू करण्यासाठी गल्लीत समिती निघाली तेव्हा मी पहिल्याच बैठकीला गेले. अध्यक्ष आमच्यातलेच, जुन्या वस्तीतले. बाकी निम्मी मंडळी पुण्या-मुंबईहून आलेली, रोज बेळ्ळंदूरच्या ऑफिसांत जाण्या-येण्यात जन्म घालवणारी. बैठकीत काम काय व्हायचं? सत्कार. कोणी नगरसेवकाचा मेहुणा आला, घाला डोक्यावर म्हैसूर पेटा. कोणी आपण दिल्लीत शब्द टाकतो म्हणाला, घाला शाल. गाडीचा पत्ता नव्हता, पण गाडी आणणाऱ्यांचे सत्कार चालू झाले होते. मी टाळ्या वाजवायचे, अक्कासाठी.

मग रेल्वेचे लोक पाहणीला येणार असं कळलं आणि रुळांवरच्या उकिरड्याची अध्यक्षांना प्रथमच लाज वाटली. तेव्हा पुण्याहून आलेला एक तरुण म्हणाला, "काका, आमच्या सोसायटीत लोक जिन्यात थुंकायचे. देवांच्या टाइल्स लावल्या आणि प्रॉब्लेम सॉल्व्ह! एकदम इफेक्टिव्ह."

सगळ्यांना पटलं. पण टाइल लावायला रुळांपाशी भिंत कुठे होती? तेव्हा अध्यक्षांनी दगडी गणपतीच आणवला आणि बसवला तो नेमका दोन रुळांच्या मधे. गाडी आणायला निघालेल्या शहाण्यांनी गाडीच्याच वाटेत देव बसवला, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

"अहो, मधे कशाला?" मी विचारलं.

"अम्मा, कचरा मधेच पडतो ना!" अध्यक्ष म्हणाले. "गाडी आली की उचलू. तोवर स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या."

देव तात्पुरता असेल तर त्याची प्राणप्रतिष्ठा करत नाहीत. पण भटजी आयते मिळाले म्हणून तीही उरकून घेतली.

कचरा थांबला, हे कबूल करते. मग देवावर पत्रा आला. पत्र्याखाली फरशी आली, दानपेटी आली, पुजारी आला आणि शेवटी भोंगा आला. हळूहळू त्याच रुळांवर नारळाच्या करवंट्या साठायला लागल्या. कुजलेले हार, तेलाचे ओघळ, प्रसादाचे चिकट द्रोण, आणि माश्या त्याच. फरक एवढाच की पूर्वी नाकाला पदर लावता यायचा. आता लावला तर लोक डोळे वटारतात.

रेल्वेचे लोक आले. त्यांच्यातल्या साहेबांनी बूट काढून नमस्कार केला, रूळ बघितले, मोजमाप घेतलं आणि नीट समजावून सांगितलं, "देव बाजूला घ्या, मग पुढचं बघू." बाजूला जागा भरपूर होती. स्टेशनच्या भिंतीशी तर झाडाची सावलीही होती.

समितीने देवळासमोर बैठक बोलावली आणि मला माणसांचे खरे चेहरे बघायला मिळाले. देव जागृत आहे म्हणे. पुण्याचा तरुण म्हणाला, "काकू, माझा व्हिसा इथे नवस बोलल्यावरच झाला. सेंटिमेंट्स असतात ना!" अध्यक्ष मान डोलावत होते, कारण तोवर देवळाचा ट्रस्ट झाला होता आणि त्याचेही अध्यक्ष तेच होते. गाडीसाठी घसा फोडणारी हीच माणसं आता गाडी नको म्हणत नव्हती, फक्त देव हलवू नका म्हणत होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

अक्का त्या दिवशी तपासणीसाठी आलेलीच होती. परतीच्या बसआधी मी घरी जाऊन तिला हाताला धरून तिथे आणलं आणि सरळ उभी राहिले. म्हटलं, "ही माझी बहीण. वाटेत लघवीला जागा नाही म्हणून ही आदल्या दिवसापासून पाणी पीत नाही. हिची किडनी चालली आहे. तुमचा देव दहा पावलं सरकत नाही, हे हिच्या तोंडावर सांगा."

लघवी हा शब्द बाईच्या तोंडून ऐकून पुरुष आपापल्या चपला बघायला लागले. मला वाटलं, जिंकलं.

मग अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अक्का, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

अक्काने पदर डोक्यावर ओढून घेतला. "बेडा," ती म्हणाली. नको. "बसलेल्या देवाला उठवू नये. माझं काय, चाललंय की."

टाळ्या पडल्या. लगेच तिथल्या तिथे अक्काचा सत्कार झाला. कोणीतरी शाल आणली, फळांची करंडी आणली, तरुणाने फोटो काढले. मी तिच्यावर चिडले होते, त्यांच्यावर चिडले होते, आणि त्या शालीची तर मला शिसारीच आली. मी तिला नुसतं म्हटलं, "चल, बस चुकेल."

निघताना पुजारी पुढे आला आणि त्याने पळीभर तीर्थ तिच्या हातावर घातलं. अक्काने हात ओठांजवळ नेला आणि तीर्थ न पिता तसंच केसांवरून फिरवलं.