मले भेव वाटते

मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझ्या नवऱ्याची बुलढाण्याच्या कचेरीतून पुण्याला बदली झाली, आणि मी आमच्या गावाच्या, उंद्रीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले. बाबांनी मळ्यातली वांगी पिशवीत भरून दिली होती. माय माझा पदर पुन्हापुन्हा सारखा करत होती. "मोठं शहर हाय. कोणाले आपलं काही सांगत बसजो नको," ती म्हणाली. मी मान हलवली. मलकापूरला रेल्वेत बसेपर्यंत गप्पच होते, आणि पुण्यातही तशीच राहिले.

मंडईत "मले मिरच्या द्या" म्हटलं की भाजीवाली शेजारणीकडे बघून हसायची. भाजी पिकवणाऱ्यांची लेक मी, भाजी घ्यायलाच घाबरू लागले. 'मला, मला' असं घोकत जायची आणि तिथं तोंडच उघडायचं नाही. एका सकाळी रॉकेलच्या रांगेत छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, श्वास पुरेना. वाटलं, मेले. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, मनाला लावून घेऊ नका. मग मी बाहेर पडणंच सोडलं. घरात तरी कुठं स्वस्थता? या खोलीतून त्या खोलीत, परत खिडकीशी. भात करपायचा. ह्यांनी विचारलं की म्हणायची, "काही नाही."

एका दुपारी गच्चीवरचे कपडे काढायला गेले आणि कठड्याशी थांबले. या सगळ्यातून सुटावं, असं मनात आलं. त्या विचाराचीच इतकी धास्ती बसली की कपडे तिथंच टाकून खाली पळाले आणि तळमजल्यावरच्या सुशीलाताईंचं दार वाजवलं. घोकलेलं 'मला' आठवलंच नाही. "मले एकटीले ठेवू नका. मले माह्यंच भेव वाटून राह्यलं."

त्या हसल्या नाहीत. हाताला धरून आत बसवलं, मेथीची जुडी पुढ्यात ठेवली. "निवडा. बोलावंसं वाटलं की बोला." हे घरी येईपर्यंत त्या माझ्याजवळून हलल्या नाहीत. गच्चीची किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली, आणि ह्यांनी मला मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

गोळ्यांनी झोप लागू लागली. बाकीचं माझं मी जुळवत गेले. मळ्यात बैल बुजला की बाबा म्हणायचे, "त्याले ओढू नको. त्याच्यापाशी उभी राय." तसंच करू लागले. धडधड सुरू झाली की पळायचं नाही; खाली बसायचं, जमिनीवर हात टेकवायचे, श्वास हळू सोडायचा, दिसेल त्या वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं. सुशीलाताईंबरोबर आधी कोपऱ्यापर्यंत चालले, मग मंडईपर्यंत. कधी अर्ध्यातूनच परत फिरले.

तरी आत एकच घोकणं चालू असायचं: गावी गेले की बरं वाटेल. शेवटी ह्यांनी मला उंद्रीला पोचवलं. आणि तिथं, भर उन्हात, मिरचीच्या वाफ्यात, ओळखीच्या मातीवर पाय असताना तेच झालं. तोच श्वास, तेच बधिर हात. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त रडले. आता जायचं तरी कुठं?

माय धावत आली. "काय झालं वं?"

"मले भेव वाटते, माय. काहीच नसताना वाटते."

 ती वाफ्यात तशीच खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मलेही वाटे. लग्न होऊन इथं आली तवा. कोणाले सांगतलं नाही म्या."

तुमच्यापैकी जे गावात राहिले, त्यांना वाटत असेल की आम्ही तिकडे सुखात आहोत. जे माझ्यासारखे निघाले, त्यांना वाटत असेल की सुख मागे राहिलं. मला अजून दोन्हीकडे करमत नाही. पुण्यात उंद्री आठवते, उंद्रीत पुण्याची ओढ लागते. घर कुठलं, असं कुणी विचारलं की अडखळते. पण भीती आली की हाक कुणाला मारायची, हे दोन्ही गावांत ठाऊक आहे. घर म्हणून मला आता तेवढं पुरतं.