पुडीखालची खपली

माझी श्रद्धा दांडगी, धीर मात्र कवडीचा नाही. घरात कुणी शिंकलं तरी मी देवीला साकडं घालते. मागच्या वर्षी ह्यांना ताप भरला तेव्हाही तेच केलं. आंदर मावळात आमची शेती. भातकापणीच्या आधी पंधरा दिवस हे डोंगरउतारावरचं गवत कापत होते. तापाच्या पहिल्याच दिवशी मी अंगाऱ्याची पुडी चिंधीत गुंडाळून ह्यांच्या करदोट्याला बांधली आणि देवीला बोलले, ताप उतरेपर्यंत पुडीला कुणाचा हात लागू देणार नाही.

ताप उतरेना. सहाव्या दिवशी हे मला ओळखेनात, मेलेल्या आईला हाका मारू लागले. तळेगावच्या दवाखान्यात नेलं. तपासणीत मलेरिया निघाला नाही, डेंग्यूही नाही. गवतातला किडा चावूनही असा ताप येतो आणि चावल्या जागी काळी खपली पडते, म्हणून डॉक्टरांनी हातपाय पाहिले, पाठ पाहिली. कमरेकडे वळले तशी मी आडवी आले. "तिथं देवीचं आहे, बाकी काही नाही," असं न बघताच ठासून सांगितलं. त्यांनी रक्त पुण्याला पाठवलं. निकाल उद्या येणार होता. मी खाटेपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. जप तोंडात होता, मन मात्र भलतंच बोलत होतं. उद्यापर्यंत हे राहतील का, एवढंच.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती आणि तिच्या उशाशी तिची सून, आंबी गावची एक मावशी. दुपारी तिनं मला हाताला धरून बसवलं.

"डाक्टर काय शोधत व्हते?"

मी सांगितलं.

"माज्या भावाला तेच झालतं. खपली जांगंत निघाली. कंबर बघितली का तू?"

मी पुडीचं सांगितलं. रडूच आलं मला.

"आमी बुद्धाचे, देवीचं आमी करत न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "पन तुजा शबुद मोडू नको. पुडी हाय तशी राहू दे. नुसता दोरा वर सरकव."

मी ह्यांचा सदरा वर केला. पुडीला बोट न लावता दोरा दोन बोटं वर ओढला. बरोबर पुडीखाली खपली होती, विडीनं चटका दिल्यासारखी काळी. मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी लगेच औषध बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्याकडे पाहून चहा मागितला.

मावशीला सांगायला वळले तर खाट रिकामी होती. सासूला घेऊन ती आदल्या दिवशीच गेली होती, माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. नावही विचारायचं राहिलं.

देवीचं दर्शन घेतलं तेव्हा मी खूप रडले. माझ्या हट्टानं मी तिच्याच अंगाऱ्याखाली दुखणं झाकलं होतं, आणि तिनं ते दाखवायला तिला न मानणारं माणूस पाठवलं. असं मला वाटतं, मावशी हसेल कदाचित. शरण जायचं म्हणजे आपलंच खरं करणं सोडायचं, एवढं मात्र मी शिकले. अजूनही साकडं घालते, स्वभाव कुठं जाणार. पण हे गवत कापून आले की आधी करदोटा सरकवून बघते, मग देवापुढे दिवा लावते.