नानांची काचेची बरणी

देवपूरहून नानांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी टाकीच्या कठड्यापाशी उभी होते. "नाना गेले सकाळी," एवढंच ती बोलली. खाली पाणी नेहमीसारखं बुडबुडत होतं. त्याला आता महिना झाला.

जळगावबाहेरच्या आमच्या केंद्रात कारखान्यांचं सांडपाणी टँकरने येतं आणि शुद्ध होऊन नाल्यात जातं. नाना तिथले जुने ऑपरेटर, मी नवी केमिस्ट. टाकीतल्या गाळात घाण खाणारे जिवाणू असतात. नाना तो गाळ बरणीत घेत, त्यात टँकरचं थोडं पाणी ओतत आणि बरणी खिडकीत ठेवून अर्धा तास बसत. गाळ तळाशी बसला, म्हणजे जिवाणू जगले, तर टँकर आत. पाणी गढूळच राहिलं तर परत. ड्रायव्हर वैतागत. मीही हसायचे. अहो, माझ्याकडे आम्लता मोजायचा मीटर होता ना!

नाना भाचीच्या लग्नाला गेले, त्या दिवशी एका टँकरला मी नुसता मीटर पाहून सही दिली. आम्लता ठीक होती. विष दुसरंच काही होतं, ते मीटरला कळत नाही. दुसऱ्या दिवशी टाकी काळी, वासाने उभं राहवेना. जिवाणू मेले होते. साहेब म्हणाले, हे पाणी गुपचूप नाल्यात सोडून द्या. नाना हळदीच्या सदऱ्यातच आले आणि व्हॉल्व्हपाशी ठाण मांडून बसले. "हाई पानी बाहेर गयं ना साहेब, तं खालना मळामा वांगा जळतीन." पाणी सुटलं नाही. टँकर बंद ठेवून, नवा गाळ आणून, शेण-गूळ घालत नानांनी टाकी पुन्हा जिवंत केली. तीन आठवडे लागले.

नोंदवहीत मी 'तांत्रिक बिघाड' लिहिलं होतं. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते, खोटं कशाला सांगू? नानांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. "बठ्ठं लिही टाक पोरी. तुन्हं नावबी." भयंकर राग आला मला त्यांचा. रडत रडत सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. मग ते साहेबांच्या खोलीत गेले... काय बोलले कोण जाणे, नोकरी वाचली. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बरणी अजून खिडकीतच आहे. परवा एक जुना ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आता तर नानाबी नाहीत. मीटर बघा अन् सोडा ना!"

"बसा भाऊ," म्हटलं, "चहा घ्या. अर्धा तास."

गाळ बसला नाही. टँकर परत पाठवला आणि वहीत बठ्ठं लिहिलं. खाली माझं नावबी.