चौदावा कागद

मी नौपाड्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे, हे डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत होते. दिवाळीला आमच्या घरात विकतचा कंदील कधी आला नाही. बाजारातून कामट्या आणायच्या आणि घरीच बांधायचा, हा ह्यांचा हट्ट. कामट्यांचे सहा चौकोन करायचे, मग त्यांचे कोपरे एकमेकांना बांधायचे. मधले त्रिकोण कोणी करत नाही, ते आपोआप होतात. कोपरा बांधायला मात्र चार हात लागतात. मी धरायचे, हे दोरा गुंडाळायचे.

सांगाडा उभा राहिला की माझ्यातली मास्तरीण जागी व्हायची. "अहो, बघा. कोपरे बारा, चौकोन-त्रिकोण मिळून बाजू चौदा, त्यांची बेरीज करा. त्यातून चोवीस कामट्या वजा करा. दोन उरले! खोका घ्या, पिरॅमिड घ्या, दोनच उरणार."

"आणि आपण कागद किती लावणार?"

"तेरा." बल्ब सोडायला वरची बाजू आम्ही उघडी ठेवायचो. "म्हणून तर तुमचा कंदील दरवर्षी चुकतो. एकच उरतो."

"बाई, तुमचं उत्तर बरोबर आलं तर दिवा आत जायचा कुठून?"

हे भांडण दर दिवाळीला व्हायचं. ते झाल्याशिवाय फराळ गोड लागायचा नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात हे गेले. त्या दिवाळीला घरात काही करायचं नव्हतं. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे फराळ आणून दिला, तो मी दार अर्धवट उघडून घेतला. तेव्हापासून दार तसंच अर्धवट राहिलं. यंदाही गॅलरीत अंधार राहिला तर तो कायमचाच राहील, अशी मला धास्ती वाटायला लागली. म्हणून कामट्या आणल्या.

कोपरे धरायला कपड्यांचे चिमटे लावले. ते सटकायचे. सगळा सांगाडा मांडीवर कोसळला तेव्हा मी फोटोकडे बघून चिडले, "गेलात ते गेलात, निदान गाठ तरी शिकवून जायचं होतं!"

शेवटी कसाबसा उभा राहिला. मग खळ शिजवली आणि पतंगी कागद डकवायला बसले. बोलायला कोणी नाही, टोकायला कोणी नाही, त्यामुळे हात भराभर चालला. संपल्यावर सवयीने मोजलं. कोपरे बारा, कामट्या चोवीस, कागद चौदा. दोन! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं होतं.

बल्ब हातात घेऊन मी कंदील सगळीकडून फिरवून पाहिला. आत सोडायला जागाच नव्हती.

आधी मला हसूच फुटलं. "अहो, बघितलंत का?" मी स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले. आतून फक्त फ्रीजची घरघर ऐकू आली. मग मी कंदील तसाच मांडीवर घेऊन खूप रडले.

वरचा कागद बोटाने कामट्यांच्या कडेकडेने फाडला. बल्ब सोडला, स्टुलावर चढून कंदील अडकवला आणि बटण दाबलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण गॅलरीत आली. "काकू, अगदी बरोबर झालाय हो!"

बरोबर नव्हता. एका कागदाने चुकला होता. पण हे ज्यांना ऐकवायचं ते घरात नव्हते.