सतराव्या दिवसाचा फोटो

रबराच्या नव्या चटईचा वास आला की मला खामगावातली ती नवरात्र आठवते. टायफॉइडनंतर शाळेचा एक जिना चढले तरी मला धाप लागायची, म्हणून मी मोबाईलवरच्या एका गटात तीस दिवस योगासनं करण्याचं आव्हान घेतलं होतं. रोज सकाळी सातच्या आत आसनाचा फोटो टाकायचा, एक दिवस चुकला की गटाबाहेर. अंगात हळूहळू जोर येत होता, आणि सतराव्या दिवशी नेट गेलं. फोटो पोचला तेव्हा नऊ वाजले होते. आसनं वेळेत केली होती, असं मी तीनदा लिहिलं, पण गट चालवणाऱ्या बाईंनी 'नियम सर्वांना सारखा' म्हणत मला काढून टाकलं. मी दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी मला ओढतच गल्लीतल्या गरब्याला नेलं. तेलगिरणीकडून पेंडीचा उग्र वास येत होता. "काऊन तोंड पाडून उभी राह्यली वं?" त्या म्हणाल्या. "मले नाही जमत नाचणं," मी म्हटलं. "नसन जमत तं राग काढ. हाण टिपरी." मी इतक्या जोरात हाणली की त्यांच्या बोटाला लागलं. त्यांनी हात झटकला, हसल्या आणि पुढच्या फेरीत पुन्हा माझ्यासमोर आल्या. तासाभराने पोलकं घामानं चिंब झालं, तेव्हा ध्यानात आलं की मी एकदाही दम खायला थांबले नव्हते. हे त्या बाईंना कळवावं म्हणून मोबाईल काढला, पण गट माझ्यासाठी बंद होता. आता आसनंही रोज होतात आणि गरबाही चुकत नाही, तरी त्या सकाळी मी खोटं बोलत नव्हते, हे गटाच्या बाईंना पटवून द्यायचं राहिलंच.